चित्रपुस्तक घेण्याआधी दुकानात उभ्यानं मोठ्यानं वाचून बघा

एका आईचा प्रश्न आहे. "आम्ही बडोद्याला राहतो. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी सात महिन्यांची. घरी मराठी, सोसायटीत गुजराती, नर्सरीत इंग्रजी. मुलगा महिनाभर रोज एकच पुस्तक मागतोय. नवी घ्यायला गेलं की दुकानात काहीच सुचत नाही. मुलीसाठी घेऊ म्हटलं तर सासूबाई म्हणतात, दात नाहीत अजून तिला, पुस्तक काय करायचंय? दोघांसाठी काय घ्यावं, आणि कोणत्या भाषेत?"

मीही बडोद्याचीच. २७ वर्षं बालवाडीत मुलांना समोर बसवून, मांडीवर घेऊन चित्रांची पुस्तकं वाचली. मुलापासून सुरुवात करते. मुलीकडे शेवटी येते, कारण तिचं पहिलं पुस्तक विकत घ्यावं लागणारच नाही.

दुकानात पुस्तक हातात घेतलंत की चार पानं मोठ्यानं वाचा. मनात नको, पुटपुटतही नको. घरी पोरगा कुशीत असताना वाचाल तसंच, खणखणीत. लोक बघतील, बघू देत. तिसऱ्या पानाला जीभ अडखळली, श्वास कुठं घ्यायचा ते कळेना, तर पुस्तक जागेवर ठेवा. चित्रं कितीही देखणी असोत. हे पुस्तक तुम्हाला शंभर वेळा वाचायचंय, आणि मुलाला ते तुमच्या आवाजातच भेटणार आहे. त्याला वाचता येत नाही. त्याच्यासाठी पुस्तक म्हणजे अर्धं चित्र आणि अर्धी आई.

मराठीत ही परीक्षा फार महत्त्वाची, कारण आपल्याकडची बरीच चित्रपुस्तकं दुसऱ्या भाषेतून आलेली असतात. काहींचं मराठी इतकं सुरेख असतं की मूळ इथलंच वाटावं. पण पुष्कळ ठिकाणी असं सापडतं: "लहान सशाने आपल्या आईला सांगितले की त्याला अजिबात झोप येत नव्हती." हे वाक्य कुठली आई बोलते? "ससुल्या म्हणाला, आई, झोपच येत नाहीये गं!" असं असेल तर मूल लगेच आईच्या तोंडाकडे बघतं. 'सांगितले', 'होते', 'केले' हे लेखी वळण वाचता वाचता 'सांगितलं', 'होतं', 'केलं' करता येतं, मी वर्षानुवर्षं केलंय. पण दर ओळीला दुरुस्ती करावी लागत असेल तर ते पुस्तक मोठ्यानं वाचायचं नव्हेच.

आणखी एक खूण सांगते. आपल्या भाषेत आवाजाच्या आणि हालचालीच्या शब्दांची केवढी श्रीमंती आहे! बेडूक डबक्यात डुबुक करून पडतो, ससा टुणकन उडी मारतो, बाळ खुदकन हसतं, बदकाची पिल्लं लुटुलुटु चालतात, भोपळा गडगडत जातो. पानं उलटताना असे शब्द दिसले तर समजा, लिहिणाऱ्यानं पुस्तक स्वतः बोलून बघितलंय. दोन वर्षांचं मूल गोष्ट विसरतं, पण 'डुबुक' विसरत नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या बादलीत तांब्या सोडून तेच म्हणतं. अवघड शब्दाला मात्र घाबरू नका. 'लगबगीनं', 'हिरमुसला', 'आडोसा' हे शब्द समजावून द्यावे लागत नाहीत, चित्र आणि तुमचा चेहरा समजावतात. अडचण अवघड शब्दाची नसते, मेलेल्या वाक्याची असते.

आता महिनाभर एकच पुस्तक मागण्याबद्दल. ते हट्ट म्हणून घेऊ नका, त्याचं काम चाललंय. २०११ साली इंग्लंडमध्ये तीन वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला. काही मुलांना तीन वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या, काहींना एकच गोष्ट तीनदा. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले. तरी आठवड्यानं बघितलं तेव्हा एकच गोष्ट ऐकलेल्या मुलांना ते शब्द जास्त चांगले येत होते. बालवाडीत मी हेच वेगळ्या रीतीनं पाहत होते. पहिल्यांदा मूल गोष्टीचं पुढं काय होणार ते बघतं. चौथ्यांदा कोपऱ्यातलं मांजर बघतं. दहाव्यांदा तुम्ही एक शब्द गाळलात तर ओरडतं. त्यानंतर कधीतरी पुस्तक स्वतः हातात धरून, उलटं का असेना, सगळी गोष्ट धाकट्याला 'वाचून' दाखवतं. पुस्तक लपवू नका. नवं शेजारी ठेवा, त्याच्या सवडीनं तो तिकडं वळेल. तुमच्यापुरता अर्थ एवढाच की कंटाळा न येता चाळीस वेळा वाचता येईल तेच घ्या.

चित्र कसं असावं? शब्दांत नसलेलं काहीतरी चित्रात हवं. पानावर लिहिलंय, 'मिनू मावशीबरोबर बाजारात गेली', आणि चित्रात मावशीच्या पिशवीतून एक लिंबू गळून पडतंय, मागं कुत्रं त्याचा वास घेतंय, आणि ते फक्त मिनूला दिसलंय. असं पान मिळालं की दहा मिनिटं कुठं गेली कळत नाही. उलट 'मिनू बाजारात गेली' आणि चित्रात फक्त बाजारात उभी मिनू, तर बोलायला काय उरलं?

बोलायला उरणं हाच मुद्दा आहे. १९८८ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना वाचण्याची रीत तेवढी बदलायला सांगितली. सरळ वाचत न जाता मध्ये थांबा, 'काय', 'कुठं', 'का' विचारा, मूल जे बोलेल त्यात दोन शब्द घालून परत म्हणा. चारच आठवड्यांत या मुलांचं बोलणं नुसतं वाचन ऐकणाऱ्या मुलांच्या पुढं गेलं. घरी करून बघा. तो म्हणाला, "कुत्रं." तुम्ही म्हणा, "हो की, तपकिरी कुत्रं! काय हुंगतंय ते?" आणि मग गप्प बसा, मनात पाच आकडे मोजा. हे थांबणंच मोठ्यांना जमत नाही. पालकांना वाचताना पाहिलं की जाणवायचं, उत्तर मुलाच्या ओठांवर आलेलं असतं आणि आई पुढचं पान उलटते. पण प्रश्नांची परीक्षाही करू नका. पानावर एक प्रश्न पुष्कळ झाला. 'हा कोणता रंग, किती चेंडू' असं सारखं चाललं तर मूल मांडीवरून उतरून जातं, आणि त्याचं बरोबरच असतं.

साडेतीन वर्षांच्या मुलाच्या गोष्टीत खरी अडचण हवी. हरवणं, अंधार, धाकटं भावंड आल्यावर आईची मांडी वाटली जाणं. तुमच्या घरी हा शेवटचा विषय आत्ता चालूच आहे, तेव्हा त्यावरचं एखादं पुस्तक जरूर बघा. पण धाकटीला पापी घेऊन दोन पानांत सगळं गोड करून टाकणारं नको. मोठ्याला राग येतो आणि तो येऊनही आई त्याचीच राहते, एवढं दिसलं पाहिजे. शेवटी चौकटीत 'तात्पर्य' छापलेली पुस्तकं मी बालवाडीत ठेवत नव्हते. ससा का हरला हे मुलांना कळतं. ते आपण सांगून टाकलं की त्यांच्या मनात गोष्टीचं पुढं चालणारं काम थांबतं.

अक्षरओळखीचं पुस्तक हे वाचून दाखवायचं पुस्तक नाही, हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. 'ऐ ऐरणीचा, औ औताचा' यात गोष्ट नाही, आणि शहरातल्या अलकापुरीच्या फ्लॅटमधल्या मुलानं औत कुठं पाहिलेलं असणार? अक्षरं येतील त्यांच्या वेळेला. आत्ता कान तयार होऊ देत.

चित्रातलं जग मुलाच्या ओळखीचं हवं, याचा एक किस्सा सांगते. एका पुस्तकात दात दाखवून हसणारी हिरवीगार मगर होती. मी मोठ्या कौतुकानं पान उघडलं. विश्वामित्री नदीच्या काठावरच्या वस्तीतून येणारा चार वर्षांचा एक मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मगर अशी नसते. ती चिखलाच्या रंगाची असते, हलत नाही. आमच्या गल्लीत आली होती, पाण्यातून." मग पुरात मगरी रस्त्यावर कशा येतात, वनखात्याची माणसं त्यांना दोरानं कशी बांधतात, त्या परत कुठं सोडतात, यावर अर्धा तास वर्ग बोलत होता. पुस्तक बाजूलाच राहिलं, पण बोलणं सुरू त्यानंच केलं होतं. तेव्हापासून मी प्राण्यांची पुस्तकं दोन तऱ्हेची ठेवायला लागले. गंमतीच्या गोष्टीत मगर टोपी घालून चहा प्याली तरी चालेल. पण प्राणी खरा कसा असतो ते सांगायचं असेल तर फोटो किंवा नेमकं चित्र हवं. दोन्हींची सरमिसळ झाली की लहान मुलांना खरं काय ते कळत नाही. याच नजरेनं घरं आणि माणसंही बघा. सगळ्या पुस्तकांत धुराड्याची घरं, बर्फ आणि गुलाबी गाल, आणि प्रत्येक आई फक्त स्वयंपाकघरात, असं असेल तर दोन-तीन पुस्तकं मुद्दाम वेगळी शोधा. ओटा, गच्ची, रिक्षा, सावळी मुलं, पोळ्या लाटणारे बाबा असलेली.

भाषेचं. सोपं उत्तर देते: जो वाचणार त्याच्या मनाची भाषा. तुम्ही मराठीत, आजी मराठीत, शेजारच्या बा, म्हणजे गुजराती आजी, गुजरातीत. नर्सरीची इंग्रजी नर्सरीला सांभाळू द्या. इंग्रजी पुस्तकाची चित्रं आवडली तर खुशाल घ्या आणि गोष्ट मराठीत सांगा. दोन-तीन भाषांनी मूल गोंधळतं, बोलायला उशिरा लागतं, ही भीती मनातून काढून टाका. बडोद्यात चार पिढ्या अशाच वाढल्यात. आमच्याकडे चिमणीच्या चित्रावर निम्मी मुलं 'चकली' म्हणायची, गुजरातीत चिमणीला तेच म्हणतात. एक आजी म्हणाल्या, "अगं, चकली दिवाळीत खातात!" ते मूल दोघांकडे बघून इतकं हसलं! एका शब्दात पक्षीही आणि फराळही, हे त्याला कळलं होतं. 'खिसकोली' आणि खार, 'रिंगण' आणि वांगं, 'कागडो' आणि कावळा, दोन्ही म्हणा. चुकीचं म्हणून खोडू नका.

शब्द नसलेलं, नुसत्या चित्रांतून गोष्ट सांगणारं एक तरी पुस्तक तुमच्या घरी हवंच. तीन भाषांच्या घराला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. आजी एक गोष्ट सांगतात, शेजारच्या बा दुसरी, आणि चित्रं तीच असल्यामुळं मूल दोन्ही जुळवून बघतं. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची दोन भाषांतली पुस्तकं मराठी आणि गुजरातीतही निघतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाकडे मूळ मराठी चित्रपुस्तकं चांगली मिळतात. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची पुस्तकं खिशाला परवडणारी. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापून घ्यायलाही मुभा आहे. मुलाच्या हातात मोबाइल न देता तुम्ही आधी वाचा, आवडलेल्या दोन गोष्टी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला टीव्ही-मोबाइलचा पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाच्या आत, आणि बसल्या जागचा वेळ मोठ्यांबरोबर गोष्टी-वाचनात जावा.

विकत घेण्याआधी मात्र मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन या. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर फुकट वाचनालयांची योजना सुरू केली. खेड्यापाड्यांत पेट्यांतून पुस्तकं जायची, आणि मुलांसाठी, बायकांसाठी वेगळी वाचनाची जागा होती. ज्या काळात मुलांनी पुस्तकाला हात लावला की मोठी माणसं डोळे वटारत, त्या काळात हे आपल्या गावात झालं, याचा मला फार अभिमान वाटतो. मुलाला बरोबर न्या, त्यालाच निवडू द्या. त्याला बरीच पुस्तकं चाळू दिलीत की कुठल्या पानावर तो थांबतो ते दिसतं, आणि मग विकत घेताना पैसे वाया जात नाहीत.

घरी एका वेळी सात-आठच पुस्तकं बाहेर ठेवा, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी, त्याच्या हाताला येतील अशा उंचीवर. कणा बाहेर करून लावलेली पुस्तकं लहान मुलांना दिसतच नाहीत. बाकीची कपाटात, पंधरा दिवसांनी अदलाबदल. आणि अक्षर मोठं बघून घ्या, आजी-आजोबांना चष्मा शोधायला लावणारं पुस्तक दुपारी वाचलं जात नाही.

बटण दाबलं की गाणारी पुस्तकं टाळा. पुस्तकच बोलायला लागलं की आई गप्प बसते, आणि त्यातला गोल चपटा सेल मुलानं गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. घरात असं पुस्तक असेलच तर सेलचं झाकण स्क्रूनं घट्ट बसलंय ना, ते आजच बघा. गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका, थेट दवाखाना. झडपा उघडायची, पट्ट्या ओढायची पुस्तकं एखाद-दुसरं गंमत म्हणून ठीक. फार असली की मुलाचं लक्ष ओढण्यातच राहतं, शब्दांकडे जात नाही.

आता तुमची मुलगी. नवजात बाळाला २० ते ३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, ठळक काळं-पांढरं चटकन दिसतं. म्हणून तशी पुस्तकं निघतात. पण ती पहिल्या दोन-तीन महिन्यांची. सात महिन्यांच्या बाळाला रंगही दिसतात आणि खोलीच्या त्या टोकाची माणसंही, तेव्हा आता त्यांवर पैसे घालवू नका. तिला हवेत चेहरे, आणि रोजच्या वस्तू, एका पानावर एकच. ती पुस्तक चाटेल, चावेल, आपटेल. या वयात तोंड हेच ओळखून घ्यायचं साधन. म्हणून जाड पुठ्ठ्याची पानं, गोल केलेले कोपरे, पिना नकोत. पुठ्ठा चावून सुटायला लागला की ते पुस्तक काढून टाका, तुकडे घशात जातात.

सासूबाईंना एक गोष्ट प्रेमानं सांगा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की सहा ते नऊ महिन्यांची बाळं खाण्याच्या रोजच्या वस्तूंची, शरीराच्या अवयवांची नावं ऐकली की बरोबर त्याच चित्राकडे बघतात. बोलायला अजून अवकाश असतो, पण शब्द आत पोचलेले असतात. खरं तर आजी हे न सांगताच करतात. एक घास काऊचा, एक घास चिऊचा म्हणत खिडकीतला कावळा दाखवतात, तेव्हा त्या बोट, शब्द आणि वस्तू एकत्र बांधत असतात. पुस्तकात तेच होतं, फक्त कावळा उडून जात नाही. तीन मिनिटं पुरेत. तिनं मान फिरवली की बंद.

दीड वर्षाची झाली की आंघोळ, चप्पल, भात, झोप अशा तिच्या दिवसाची, 'कुठंय?' विचारणारी, तीच ओळ पुन्हा पुन्हा येणारी पुस्तकं घ्या. भावाची जुनी असतीलच.

आत्तासाठी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा. जाड पुठ्ठ्याच्या सहा-सात हव्यात. त्यांवरचे खडे, टिकल्या, चमक आणि दोरे काढून टाका, कोपरे कात्रीनं गोल करा. एका पानावर एकच फोटो: दादा, बाबा, तुम्ही, तिची वाटी, दारातलं कुत्रं. चिकटवून वरून पूर्ण पान रुंद पारदर्शक चिकटपट्टीनं झाका, कडा मागं दुमडून घ्या, आणि कापडी पट्टीनं पानं एकमेकांना जोडा. पहिल्या पानावर सासूबाईंचा हसरा फोटो लावा, आणि पहिल्यांदा वाचायला पुस्तक त्यांच्याच हातात द्या. त्या "आजी कुठंय? ही बघ आजी!" म्हणतील, ती फोटोवर पंजा मारेल, मग पान तोंडात घालेल. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि पुन्हा त्यांच्याजवळ ठेवायचं.